अहवालातील ओळखीचे शब्द

रोजकीर्द, खतावणी, जमा-नावे, येणे-देणे ही व्यापारी घरांतील जुन्या पिढीची शब्दसंपदा मोजकी, पण नेमकी होती. 'येणे' म्हणजे हाती आलेला पैसा नव्हे, हे दुकानात नव्याने बसलेल्या मुलासही कळत असे. आजच्या पिढीला बँकेसाठी, भागधारकांसाठी वा परदेशी ग्राहकांसाठी इंग्रजीत अहवाल लिहावे लागतात. त्यासाठी अनेक तरुण भारदस्त शब्दांच्या याद्या पाठ करतात. वस्तुतः अपरिचित शब्द क्वचितच फसवितो, कारण त्याचा अर्थ माणूस शोधून पाहतो. फसवितो तो ओळखीचा शब्द.

'आउटस्टँडिंग' हा शेरा शाळेच्या प्रगतिपुस्तकात कौतुकाचा; कर्जखात्याच्या अहवालात तो फेडावयाची बाकी दर्शवितो. कारखानदाराचे 'मटेरियल' म्हणजे माल. लेखापरीक्षकाच्या भाषेत वाचकाच्या आर्थिक निर्णयावर परिणाम करू शकेल अशी बाब 'मटेरियल' ठरते. 'क्वालिफाइड ओपिनियन' हे तर प्रशस्तिपत्रच वाटावे. प्रत्यक्षात हिशेब एरवी योग्य असले तरी अमुक बाबीपुरता आक्षेप आहे, असे ते मत असते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३४ नुसार अशा प्रत्येक शेऱ्याचा खुलासा संचालक मंडळाला आपल्या अहवालात करावा लागतो. शेऱ्याचा अर्थच उलटा लावला, तर खुलासा काय लिहिणार?

लहान शब्दही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. विक्री ५० लाखांवरून ६० लाखांवर गेली, तर ती 'बाय' १० लाख आणि 'टू' ६० लाख वाढली. या दोन शब्दांची अदलाबदल झाली, तर आकडे बरोबर असूनही विधान खोटे ठरते. व्याजदर ८ टक्क्यांवरून १० टक्के झाला, तर ती वाढ २ 'पर्सेंटेज पॉइंट' असते. मूळ दराच्या तुलनेत ती २५ टक्के भरते.

यावर उपाय साधा आहे. सूचिबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. आपल्याच व्यवसायातील एखाद्या कंपनीचा अहवाल घेऊन रोज एक परिच्छेद वाचावा. वहीत शब्द, त्याचा तेथील अर्थ आणि संपूर्ण वाक्य असे तीन रकाने आखावेत. वाक्याशिवाय शब्द लिहू नये, कारण अर्थ वाक्यातूनच ठरतो.

अहवाल पगारी माणसाकडून लिहून घेता येतो. त्याखालील सही मात्र मालकाची असते आणि त्यातील प्रत्येक शब्दाचा जाब त्यालाच द्यावा लागतो.