गागोद्याच्या देवळातला वर्ग

11 सप्टेंबर ही विनोबांची जयंती. पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुक या त्यांच्या जन्मगावी त्या दिवशी तसबिरीला हार पडतो, प्रार्थना होते आणि भूदानाचा गौरव होतो. भूदानाचा गौरव करणे आता सोपे झाले आहे, कारण जमीन कोणालाच द्यायची नसते! या निमित्ताने आम्ही गागोद्याची एक वेगळी आठवण काढणार आहोत. ती गाण्याची आहे.

1895 साली इथे जन्मलेले विनोबा लहानपणीच बडोद्याला गेले. पुढे 1935 साली, चाळिशीच्या सुमारास, ते काही दिवस गावी येऊन राहिले. एका रात्री देवळातून भजनाचा आवाज आला, तसे ते उठून तिथे जाऊन बसले. उच्चाराच्या बाबतीत विनोबा काटेकोर होते आणि गाणाऱ्यांचे उच्चार तर सदोषच होते. पण त्या रात्री ते त्यांना खटकले नाहीत. ज्यांच्या अंगावर धड कपडा नाही, पोटात पुरेसे अन्न नाही, त्या माणसांच्या तोंडी संतांची वाणी इतकी कशी मुरली, या विचाराने ते हलून गेले. हा अनुभव त्यांनी स्वतःच पुढे सांगितला आहे.

कशी मुरली, याचे उत्तर साधे आहे. कोणीतरी लहानपणी शिकवले होते. कोकणातल्या गावांत हे काम भजनी मंडळाच्या बुवांनी केले. पोर आईच्या मांडीवर पेंगत भजन ऐकते, पाच-सहा वर्षांचे झाले की त्याच्या हाती टाळ येतो, ठेका चुकला की बुवा नुसती मान वळवून बघतात. तेवढ्याने ते पोर सुधारते. आठ मात्रांचा भजनी ठेका असा अंगात भिनतो. फी नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. या बुवांना कोणी शिक्षक म्हटले नाही आणि त्यांनीही स्वतःला तसे मानले नसेल. पण गावातल्या तीन-तीन पिढ्यांच्या कानांना वळण लावणाऱ्या माणसाला दुसरे काय म्हणायचे?

मुलांना गाणे शिकवणे म्हणजे मैफल न जमलेल्याची सोय, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खोडून काढणारा माणूस विनोबा ज्या आश्रमात घडले तिथेच होता. नारायण मोरेश्वर खरे मूळचे तासगावचे, पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पलुसकरांनी गवयांइतकीच शिक्षकांची फळी उभी करण्याची धडपड केली. त्यासाठी त्यांनी उपदेशकांचा वेगळा वर्ग चालवला. तानसेन निघोत न निघोत, कानसेन तयार झाले पाहिजेत, हे त्यांचे धोरण सर्वश्रुत आहे. गांधीजींनी आश्रमासाठी गायक मागितला तेव्हा त्यांनी खऱ्यांना पाठवले. खरे मैफली गाजवू शकले असते. त्याऐवजी ते साबरमतीला सूत कातणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसांना आणि त्यांच्या मुलांना सूर लावायला शिकवत राहिले. आश्रमात सगळेच काही सुरेल नव्हते. बेसूर गळ्यांना रोज पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थनेच्या सुरात आणणे, हे काम आमच्या मते मैफलीपेक्षा कठीण. त्यांनी रागांच्या नोंदींसह सिद्ध केलेली ‘आश्रम भजनावली’ देशभर गेली. 1930 च्या दांडीयात्रेत ते गात चालले. 1938 साली हरिपुरा काँग्रेसच्या तयारीत असताना तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची ध्वनिमुद्रिका आज कोणी शोधत नाही. पण देशातल्या किती प्रार्थनासभा त्यांनी बांधलेल्या चालींवर उभ्या राहिल्या!

गांधीजींनी 1937 साली ‘हरिजन’मध्ये लिहिले होते की हाताला वळण लावणे जितके गरजेचे, तितकेच गळ्याला लावणे. त्याच वर्षी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून झाकीर हुसेन समिती नेमली गेली. विनोबा तिचे एक सदस्य होते. समितीच्या अभ्यासक्रमात हस्तोद्योग, मातृभाषा, गणित यांच्या पंक्तीला संगीत बसले होते, ‘इतर उपक्रम’ या सदरात ढकललेले नव्हते.

हे काम कोणालाही जमेल असे मात्र नाही. मुलांचा स्वर उंच असतो. पुरुष शिक्षक आपल्या सोयीने काळी एकमध्ये पेटी धरून बसला की मुले खाली घोगरी होतात, नाहीतर वर किंचाळतात. काळी चार-पाचला त्यांचे गळे मोकळे होतात, हे ज्याला कळते आणि जो त्यासाठी स्वतःच्या गळ्याची गैरसोय सोसतो, तो खरा मुलांचा शिक्षक. सातवी-आठवीत मुलाचा आवाज फुटू लागला की त्याला गप्प बसवायचे नाही. काही महिने हाती तबला द्यायचा, म्हणजे तो वर्गातून तुटत नाही. आणि बेसूर मुलाला मागच्या रांगेत नुसते ओठ हलवायला लावणारा शिक्षक त्याचे गाणे जन्मभरासाठी बंद करतो. स्नेहसंमेलनाच्या तालमीत हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. काहींनी सोसलेही आहे.

आता कायद्याकडे पाहू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तरच कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, असे त्याची अनुसूची सांगते. पेण-रोह्याच्या डोंगराकडच्या गावांत, ठाकूर-कातकरी वाड्यांच्या आसपास, इतक्या पटाची शाळा विरळाच. म्हणजे जिथे शिकवणीचा क्लास नाही तिथे शाळेतही गाणे नाही, अशी ही व्यवस्था. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे सवलतीचे गुण मिळतात, ते क्लास असलेल्या शहरी मुलांच्या पदरात पडतात. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रम आणि कला यांतली भिंत पाडायची घोषणा केली. भिंत पडली असेल, पण पलीकडे शिक्षक उभा नाही.

दर शाळेला पूर्णवेळ संगीतशिक्षक द्या, अशी मागणी आम्ही करणार नाही. ती मान्य होणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. केंद्रशाळेच्या पातळीवर एक संगीतशिक्षक नेमावा, त्याने आठवड्याने शाळा फिराव्यात. तो येईपर्यंत गावच्या भजनी मंडळातल्या जाणत्या बुवाला किंवा गौरीची गाणी म्हणणाऱ्या बाईला आठवड्यातून दोन तास वर्गावर बोलवावे आणि मानधन द्यावे. फुकट नको. फुकट काम करणाऱ्याला आपण कौतुकाने शाल देतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. पदवी नाही म्हणून त्यांना अडवणारा कागदही आधी बदलावा लागेल.

रायगड जिल्हा परिषदेने याची सुरुवात येत्या जयंतीला गागोद्याच्याच शाळेपासून करावी. पेटी, तबला आणि टाळांच्या काही जोड्या घ्यायला त्या दिवशीच्या मंडपाचा आणि हारतुऱ्यांचा खर्च वळवला तरी चालेल.