ड्रॅगन सोडा, माहुली घ्या!

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ बघून तळघरातला तो फाशांचा गेम तुमच्याही डोक्यात शिरलाय ना? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे त्याचं नाव. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या जोडगोळीने तो काढला. बोर्ड लागत नाही, जॉयस्टिक लागत नाही. चार-पाच मित्र, वीस बाजूंचा फासा आणि एक गेम मास्टर, म्हणजे आपल्या भाषेत सूत्रधार. तो म्हणतो, ‘समोर दरी आहे.’ तुम्ही म्हणता, ‘मी उडी मारतो.’ हाडं शाबूत राहतात की नाही, हे फासा ठरवतो.

मजा सगळ्यांची, डोकेदुखी सूत्रधाराची. शुक्रवारी रात्री नऊला ऑफिसातून सुटायचं आणि शनिवारपर्यंत अख्खं जग उभं करायचं! मग बिचारा नेटवरून रेडिमेड अ‍ॅडव्हेंचर उतरवतो. बर्फातला किल्ला, बुटके लोहार, टॅव्हर्न. टॅव्हर्न आपल्यापैकी कोणी पाहिलंय? एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मात्र कुठं बसायचं आणि कोणाला काय विचारायचं, हे प्रत्येकाला पाठ असतं. माझं स्पष्ट मत आहे, राव, की सूत्रधाराला लागणारा सगळा मालमसाला आसनगाव स्टेशनपासून सुरू होतो. शहापूर आणि मुरबाड, हे दोन तालुके पुरे.

सुरुवात एका जाडजूड पुस्तकाने करा. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, 1882 चं, इंग्रज सरकारने छापलेलं. नेटवर फुकट मिळतं. त्यात घाटवाटा, यात्रा, बाजार, झाडं, किल्ले सगळं नोंदलेलं आहे. कुठल्याही गेमच्या मॅन्युअलला लाजवेल असा ऐवज! फक्त आदिवासींबद्दलची पानं जपून वाचा, ती साहेबाच्या चष्म्यातून लिहिलीत. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी ही इथं राहणारी माणसं आहेत. त्यांना ‘जंगलातली टोळी’ करून फाशाने मारायला उभं करू नका.

आता नकाशा. माहुली हा तीन गडांचा मिळून एक डोंगर आहे, पळसगड, माहुली आणि भंडारगड. 1636 मध्ये शहाजीराजांना इथंच मोगल आणि आदिलशाही फौजांनी कोंडलं होतं. 1665 च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांना द्यावा लागला. 1670 च्या फेब्रुवारीत मराठ्यांचा हल्ला फसला, जूनमध्ये गड आला. सूत्रधारांनो, हे चार महिने नीट बघा. नवखा सूत्रधार फासा वाईट पडला की गोष्टच संपवून टाकतो. इथं हरल्यानंतरच खरी गोष्ट सुरू होते. माणसं गेली, आता शिड्या कोण आणणार, आतलं कोण फुटणार, पावसाच्या आत जमणार का?

डंजन हवंय? मुरबाडच्या देहरीजवळचा गोरखगड आहे. कातळात खोदलेल्या खड्या पायऱ्या, वर गुहा, पाण्याची टाकी. खजिन्याची यादी हवीय? वैशाखरेकडून नाणेघाट चढा. वरच्या लेण्यात सातवाहनांचा ब्राह्मी लेख आहे, नागनिकेच्या नावाशी जोडलेला. यज्ञात दान दिलेल्या गायी, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी, तीही आकड्यांसकट! घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत, असं सांगतात. तुमच्या पार्टीला त्या रांजणापाशी अडवा आणि विचारा, ‘बैल किती? माल काय?’ तलवार काढायच्या आत घासाघीस सुरू होते. गर्दीचा सीन हवा असेल तर पौषात म्हसाची यात्रा आहेच, गुरांच्या बाजारासकट.

राक्षसांची यादी शोधू नका. चकवा घ्या. रात्रभर चालून माणूस पुन्हा त्याच झाडापाशी येतो, तो चकवा. त्याला अंग नाही, त्यामुळे तलवारीचा काही उपयोग नाही. माझा नियम असा आहे की तीन फासे सलग चुकले की तेच झाड. चौथ्यांदा टेबलवर कोणी हसत नाही. आणि वाघ मारायचे पॉइंट देऊ नका, या पट्ट्यात वाघोबा देव आहे. वाघ मारलात तर पाड्यावर तुमच्याशी कोणी बोलायचं नाही, बस्स.

पण खरा दारूगोळा वेगळाच आहे. तानसाचं धरण 1892 चं, शहापूर तालुक्यातलं. भातसाही तिथलंच, आणि मुंबईच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा. हे पाणी पाइपातून मुंबईला येतं. उन्हाळ्यात त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. हे मी आमच्या गेममध्ये जसंच्या तसं टाकलं, फक्त नावं बदलली. दूर राजधानीला पाणी नेणारा एक कालवा, आणि त्याच्या कडेला एक तहानलेलं गाव. पार्टीला नोकरी दिली कालव्यावर पहाऱ्याची, महिना पन्नास मोहरा. तिसऱ्या रात्री एक बाई हातात कुदळ घेऊन येते. मागे दोन पोरं, डोक्यावर रिकामे हंडे.

सॉफ्टवेअरवाला म्हणाला, ‘अटक करतो, पगार त्याचाच आहे.’ बँकवाली म्हणाली, ‘कालवा फुटला तर राजधानीतली पोरंही तहानलेली राहतील.’ तिसऱ्याने विचारलं, ‘गुपचूप चार हंडे भरून दिले तर?’ मी म्हटलं, ‘उद्या चाळीस बायका येतील.’ मग पाऊण तास फासा टाकायचं कोणाला सुचलंच नाही. कोणीतरी पाणी प्यायला उठलं आणि भरलेला ग्लास हातात धरून तसंच उभं राहिलं. आमचा फ्लॅट मुंबईतला, नळाला पाणी कुठून येतं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी तिथूनच सुरू करायचंय. कुदळ अजून त्या बाईच्या हातात आहे.