संशोधनाच्या यादीतून वगळलेली आपली माणसं

डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांना अल्झायमरचा धोका फार मोठा असतो. या आजारात मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइडचे जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच गुणसूत्राची एक जादा प्रत त्यांच्या शरीरात असते. तरीही २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेकॅनेमॅब या औषधाच्या मुख्य चाचणीत ही माणसं नव्हती. ज्यांना गरज जास्त, त्यांच्यासाठी ते सुरक्षित आहे का, हेच तपासलं गेलं नाही.

वगळण्यामागे भीतीही आहे. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक संस्थेत १९५० आणि ६०च्या दशकांत बौद्धिक दिव्यांग मुलांना मुद्दाम काविळीची लागण करण्यात आली. संरक्षण हवंच. पण संरक्षणाच्या नावाखाली दारच बंद झालं.

आपल्याकडचा कायदा दार बंद करत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या कलम ६ नुसार त्या व्यक्तीला समजेल अशा माध्यमातून मुक्त संमती घ्यावी लागते. शिवाय परवानगी देणाऱ्या समितीत किमान निम्मे सदस्य दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे हवेत. म्हणजे समजावून सांगण्याची जबाबदारी संशोधकाची: चित्रं, सोपं मराठी, विश्वासातलं माणूस सोबत, पुन्हा भेट आणि ‘नको’ म्हणायची मोकळीक. नुसती आईवडिलांची सही घेऊन भागत नाही.

आमच्या दृष्टीने खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. २०११च्या जनगणनेत एकूण लोकसंख्येत दिव्यांगांचं प्रमाण २.२१ टक्के होतं, अनुसूचित जातींमध्ये २.४५. मात्र अभ्यासासाठी माणसं शोधली जातात ती विशेष शाळांतून, शहरातल्या ओपीडीतून, पालक संघटनांतून. वस्तीतला चाळिशीचा, शाळेची पायरी न चढलेला, दिव्यांग प्रमाणपत्रही नसलेला भाऊ तिथे पोहोचणार कसा? जात हा रकाना अनेकदा नसतोच, त्यामुळे तो गैरहजर आहे हेही कुणाला कळत नाही.

चूळपन्थकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा सख्ख्या भावानेच त्याला विहारातून जायला सांगितलं. भगवंतांनी त्याला ठेवून घेतलं, गाथा बाजूला सारली आणि हातात स्वच्छ कापडाचा तुकडा दिला. संशोधकांकडे आपण एवढंच मागतो आहोत.

विहारातल्या आरोग्य शिबिरांत अशा प्रौढांची नोंद आपणच सुरू करू शकतो; थायरॉइड, कान, दात यांची तपासणी तरी होईल. आणि वस्तीत कुणी सर्वेक्षणाला आलं, तर कार्यकर्त्यांनी विचारावं: संमतीपत्र सोप्या मराठीत आहे का? समितीवर दिव्यांग कोण आहेत? निष्कर्ष सांगायला परत कधी येणार?