लोखंडाला सीमा नव्हती, मग शोधाला का?

किनवटकरांनो, आज रस्ता, लाईट, पाणी सोडून थोडा वेगळा विषय. पण आपल्याच मातीचा.

इंग्लंडात कोलब्रुकडेल नावाचं एक गाव आहे. १७०९ साली तिथे अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून लोखंड वितळवलं. पुढे ती भट्टी बंद पडली, ढिगाऱ्याखाली गेली. १९५९ मध्ये ती उकरून काढून जपली, संग्रहालय केलं. १९८६ मध्ये तो सगळा परिसर जागतिक वारसा ठरला. आज लोक तिकीट काढून विटांची एक विझलेली भट्टी पाहतात.

आता आपल्याकडे या. गोदावरीपलीकडे निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम गाव आहे. वॉयसी नावाच्या इंग्रज डॉक्टर-भूगर्भतज्ज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी तिथलं पोलाद तयार होताना पाहिलं आणि लिहून ठेवलं. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत बंद करायचे, लाकडी कोळशाच्या भट्टीत तासन्‌तास भाते मारायचे, मग मूस फोडून पोलादाचा गोळा काढायचा. तो माल घ्यायला इराणचे व्यापारी तिथे येऊन राहत. याच जातीच्या दक्षिणी पोलादाला युरोपात 'वूट्झ' म्हणत. त्याचं कोडं सोडवायला विजेच्या शोधांसाठी प्रसिद्ध असलेला मायकेल फॅरडेसुद्धा बसला होता.

तुम्ही म्हणाल, हे तेलंगणाचं झालं, आपला काय संबंध? संबंध आहे. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. निर्मळही त्याच जिल्ह्यात. जंगल तेच, गोंड-कोलामांची वस्ती तीच, बाजारहाटही एकमेकांत गुंतलेला. रेषा नंतर आली. २०१० मध्ये ब्रिटनचं एक्सेटर विद्यापीठ आणि बंगळुरूच्या एका संस्थेने उत्तर तेलंगणात गावोगाव फिरून जुन्या लोखंडकामाच्या जागा नोंदवल्या. ते काम राज्याच्या हद्दीपर्यंत आलं आणि थांबलं. लोखंडाला सीमा नव्हती, शोधाला मात्र आहे!

महाराष्ट्रात हे जमत नाही असंही नाही. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठी नायकुंडला १९७८ ते ८० दरम्यान शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. लोखंड गाळायची अडीच हजार वर्षांहून जुनी भट्टी सापडली. शोधलं म्हणून सापडली.

हे धंदे बुडाले का? कारागीर अडाणी होते म्हणून नाही. विलायती लोखंड स्वस्तात आलं आणि जंगलावर सरकारी पहारा बसला. लाकूड नाही तर कोळसा नाही, कोळसा नाही तर भट्टी नाही. याच आदिलाबादच्या जंगलात हक्कासाठी लढताना कोमराम भीम १९४० मध्ये मारले गेले. आज ज्या पट्ट्याला आपण सरसकट 'मागास' म्हणतो, त्या पट्ट्याचं कसब इराणपर्यंत विकलं जात होतं. आपल्या पोरांना हे कुठल्या पुस्तकात शिकवलं?

कोणी म्हणेल, इथे हाताला काम नाही आणि तुम्ही भट्टीचं काय घेऊन बसलात? रास्त प्रश्न आहे. पण माहूर, सहस्रकुंड, उनकेश्वरला येणारा माणूस अर्ध्या दिवसात परत फिरतो. त्याला थांबवायला आपल्याकडे काहीतरी सांगण्यासारखं लागेल. आणि पुरावा एकदा मुरुमाच्या टिप्परमध्ये भरून रस्त्याखाली गेला की पुन्हा मिळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. राज्य पुरातत्त्व विभागाने किनवट-माहूर तालुक्यांत लोखंडकामाच्या जुन्या जागांचं सर्वेक्षण करावं. मुरुम उत्खननाला परवानगी देण्याआधी जागा पाहावी. कॉलेजच्या इतिहास आणि भूगोल विभागांनी मुलांना घेऊन गावं फिरावीत. जुन्या लोहारांकडून, गोंड-कोलाम म्हाताऱ्यांकडून आठवणी लिहून घ्याव्यात. ती माणसं कायम राहणार नाहीत.

आणि आपण? नांगरताना काळा, जड, वितळून ओघळल्यासारखा दगड लागला, तर ते लोखंडाचं कीट असू शकतं. सोबत भाजलेल्या मातीच्या नळीचे किंवा मुशीचे तुकडे दिसले तर आणखी लक्ष द्या. उचलून घरी आणू नका, कारण जागाच महत्त्वाची. मोबाईलवर फोटो काढा, गट नंबर लिहा आणि तलाठ्याला, ग्रामपंचायतीला कळवा.

तुमच्या गावाकडे असं काही असेल तर खाली जरूर लिहा. यादी झाली की निवेदन घेऊन सगळे मिळून तहसीलला जाऊ.