जास्त बास्केट करणाऱ्यालाच चषक का?

मंडळाच्या उन्हाळी सहलीत मुलांचे बास्केटबॉलचे सामने होतात. यंदा विजेत्या संघाबरोबरच सर्वांत जास्त गुण करणाऱ्या मुलालाही वेगळा चषक द्यावा, अशी सूचना मागच्या बैठकीत आली. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. खर्चही त्यांनी स्वतःच देऊ केला आहे. तरीही आमचा तिला विरोध आहे. बैठकीत पोहे गार होत होते, त्यामुळे तो नीट मांडता आला नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

शिकागोत नव्वदीच्या दशकात राहिलेल्यांना बास्केटबॉल मुद्दाम शिकावे लागले नाही. क्रिकेटवाचून आमचे अडत होते, ती सोय बुल्सने केली. त्यामुळे १३ मे १९९४ ची रात्र आम्हाला आजही आठवते. मायकेल जॉर्डन आदल्या ऑक्टोबरमध्ये खेळ सोडून गेला होता. त्याच्यावाचून बुल्स कोसळतील असे सगळे म्हणत असताना स्कॉटी पिपेनने संघ ओढून नेला आणि मोसमात ५५ सामने जिंकले. मग दुसऱ्या फेरीत न्यूयॉर्क निक्सशी गाठ पडली. पहिले दोन्ही सामने हरलेले, तिसऱ्यात १०२-१०२ अशी बरोबरी, आणि घड्याळात १.८ सेकंद शिल्लक.

प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी ठरवले की पिपेनने रेषेबाहेरून चेंडू आत टाकायचा आणि बास्केट टोनी कुकोचने करायची. पिपेन बाकावर बसला तो उठलाच नाही. त्याच्याजागी दुसऱ्याने चेंडू टाकला, कुकोचने बास्केट केली, बुल्स १०४-१०२ ने जिंकले. आम्ही सोफ्यावरून उड्या मारल्या, आणि मग लक्षात आले की आपला सर्वांत मोठा खेळाडू त्या वेळी मैदानावर नव्हताच.

सोमवारी ऑफिसात एकच शब्द होता, स्वार्थी. आम्हीही तोच वापरला. आज तो इतक्या सहज वापरवत नाही. जून १९९३ मध्ये फिनिक्सविरुद्ध बुल्स दोन गुणांनी मागे होते आणि अजिंक्यपद हाकेच्या अंतरावर होते. तेव्हा चेंडू याच पिपेनच्या हातात आला होता. त्याने तो होरेस ग्रँटला दिला, ग्रँटने जॉन पॅक्सनला, आणि पॅक्सनच्या तीन गुणांनी बुल्स ९९-९८ ने जिंकले. अकरा महिन्यांपूर्वी असे वागणारा माणूस मुळात स्वार्थी कसा म्हणावा? शिवाय पगाराचे दुखणे होते. १९९१ मध्ये त्याने दीर्घ मुदतीचा करार केला आणि पुढे लीगमधले पगार झपाट्याने वाढत गेले. १९९७-९८ च्या मोसमात तो बुल्समध्येच पगाराने सहावा होता, आणि साऱ्या लीगमध्ये १२२ वा! कुकोचला मात्र युरोपातून आणण्यासाठी व्यवस्थापनाने काय पायघड्या घातल्या, ते त्याने डोळ्यांनी पाहिले होते. वर्षभर घर चालवणाऱ्या थोरल्याला ऐन पंगतीत बाजूला बसवावे, तसे त्याला वाटले असेल. पण जॅक्सन यांचेही चुकले नव्हते. कुकोचने त्या मोसमात अखेरच्या क्षणी सामने काढून दिलेले होते.

राग खरा होता, हे आम्ही मान्य करतो. तो व्यवस्थापनाशी भांडायला पुरेसा होता. त्या पावणेदोन सेकंदांत मात्र मैदानावर व्यवस्थापन नव्हते, सोबती होते. सामन्यानंतर कपडे बदलण्याच्या खोलीत वयस्क बिल कार्टराइट पिपेनशी बोलताना रडला. पिपेनने सोबत्यांची माफी मागितली, पुढचा सामना तो खेळला, आणि बुल्स जिंकले. ती मालिका सातव्या सामन्यात हातची गेली, पण पुढे १९९६, ९७ आणि ९८ ची तिन्ही अजिंक्यपदे मिळवणाऱ्या संघात पिपेन आणि कुकोच दोघेही होते. २०२० च्या 'द लास्ट डान्स' या माहितीपटात पिपेन म्हणाला की तसे घडले नसते तर बरे, पण पुन्हा वेळ आली तर आपण बहुधा तेच करू. ते ऐकून आमच्या घरात दोन तट पडले, ते अजून मिटलेले नाहीत.

आता एक प्रश्न. त्या रात्री चेंडू आत कोणी टाकला? कुकोच सगळ्यांना आठवतो, रुसलेला पिपेन त्याहून जास्त आठवतो. चेंडू टाकला पीट मायर्सने. इटलीत खेळून परत आलेला आणि जॉर्डनच्या रिकाम्या जागी उभा केलेला हा खेळाडू. तो पास चुकला असता तर कुकोचची बास्केट झालीच नसती.

हे आमच्या लक्षात यायला आमचा मुलगा कारण झाला. शाळेच्या संघात असताना अशाच अखेरच्या क्षणी त्याला चेंडू आत टाकायला सांगितले, आणि बास्केट दुसऱ्या मुलाने केली. तो आनंदाने नाचत गाडीत येऊन बसला. आम्ही विचारले, "शॉट तुला का नाही दिला?" तो म्हणाला, "बाबा, पास मीच दिला ना!" आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. घरी पोचेपर्यंत प्रशिक्षकाचे कसे चुकले हेच सांगत राहिलो. घर आले तेव्हा पोराचा चेहरा उतरलेला होता. जिंकलेला सामना आम्ही त्याला गाडीत हरवून दिला.

आज आमची नातवंडे पार्क डिस्ट्रिक्टच्या लीगमध्ये खेळतात. बाकांवरचे आईबाप फोनवर फक्त आपापल्या लेकराचे चित्रण करतात आणि मोकळ्या उभ्या मुलाकडे पास गेला की हळूच "अरे!" म्हणतात. दहा वर्षांच्या मुलांना ते "अरे!" बरोबर ऐकू येते. त्यात चषकाची भर पडली तर सहलीच्या दिवशी पास कोण देईल?

चषक आणलाच असेल तर परत करू नका. यंदा तो सर्वांत जास्त पास देणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्या. पास मोजत कोण बसणार, असे कार्यकारिणी विचारील. आम्ही बसतो. वही-पेन्सिल आमची, फक्त सावलीत एक खुर्ची ठेवा. आणि आमची नात ज्या सामन्यात असेल, तो मोजायला दुसऱ्या कोणाला तरी बसवा.