पळीभर तेलाची शाळा



चाळीसगावच्या शाळांची सहल म्हटली की पाटणादेवी ठरलेली. मुले डोंगर पाहतात, डबे खातात, परततात. याच पाटण गावी आठशे वर्षांपूर्वी एक विद्यालय होते आणि त्याचा दगडात कोरलेला दाखला आजही आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते.

‘लीलावती’कार गणिती भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी येथे मठ काढला. निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये, म्हणजे इ.स. १२०७च्या सुमारास, चंद्रग्रहणाच्या दिवशी त्या मठाला दान दिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये हा शिलालेख प्रसिद्ध केला.

लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण खर्च कोणी, किती द्यायचा, ते मराठीत लिहिले आहे. ज्यांनी द्यायचे त्यांना समजायला नको का? बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा वाटा मठाला, गिऱ्हाइकांकडून थोडा कर आणि तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल. गणिताचा अभ्यास असा तेल्या-वाण्यांच्या हातभारावर चालायचा.

पुढे १५८७ मध्ये बादशहा अकबराच्या हुकमावरून फैजीने ‘लीलावती’ फारसीत आणली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट फैजीच्याच प्रस्तावनेतून पसरली. ती खरी असो वा दंतकथा, मुलीला गणित शिकवणारा बाप त्या काळच्या लोकांना आवडला, एवढे नक्की.

आणि आज? शिक्षणहक्क कायदा चौदा वर्षांपर्यंत, आठवीपर्यंत मोफत शिक्षण देतो. नववीला वह्यांसारख्या खर्चाचा हिशेब सुरू होतो आणि बऱ्याच घरांत पहिला काट मुलीच्या नावावर बसतो. वर ‘तिला गणित जमत नाही’ हे कारण तयार असते. आम्ही वर्गात पाहतो, बाजारातला हिशेब तोंडी करणारी मुलगी गणितात कच्ची नसते. तिला सराव आणि वेळ मिळालेला नसतो.

आपल्या मोहल्ल्यात किराणा दुकान आहे, पिठाची गिरणी आहे, गॅरेज आहे. प्रत्येकाने जूनमध्ये आठवी झालेल्या एका मुलीच्या वह्यांचा खर्च उचलला, तर तीच आजची पळी. अम्मी-अब्बांनी फक्त तिचे नाव नववीत घालावे. दाखल्याचे कागद आताच काढून ठेवा.