सुटकेची किंमत

मुदतीपूर्वी करार सोडावयाचा तर किंमत मोजावी लागते, हे खामगाव-मलकापूरच्या पेढ्यांना सांगावयास नको. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये ही किंमत उघडपणे ठरते. करारबद्ध खेळाडूस परदेशी संघात जायचे असल्यास मूळ संघाशी रकमेची बोलणी होतात. ती चुकती झाली की त्या देशाचा महासंघ मुक्ततापत्र देतो. बँकेच्या ना-देय दाखल्यासारखाच हा व्यवहार.

आपल्या क्रिकेटमध्ये मात्र अशी रक्कमच नाही. कार्यरत पुरुष खेळाडूंना परदेशी टी-२० वा टी-१० स्पर्धांसाठी नियामक मंडळ ना-हरकत पत्र देत नाही. निवृत्ती हाच मार्ग. मुंबईचे फिरकीपटू प्रवीण तांबे २०१३ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, आयपीएलमध्ये उतरले. २०१८ मध्ये निवृत्ती कळवून ते शारजाच्या टी-१० स्पर्धेत खेळले आणि पुढे त्यांनी निवृत्ती मागे घेतली. डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना २० लाखांना घेतले. पण शारजाच्या त्या सामन्यांमुळे ते अपात्र ठरले. अठ्ठेचाळिशीत हातची अशी रक्कम जाणे लहान गोष्ट नव्हे! आपली स्पर्धा आगळी राहावी, हा मंडळाचा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु ज्याच्याशी वार्षिक मानधनाचा करारच नाही, त्याच्याकडून ही वसुली कोणत्या खात्यावर?

२०२० मध्ये तांबे कोलकात्याच्याच मालकांच्या त्रिनबागो संघातून कॅरिबियन स्पर्धेत खेळले. तेथे उतरणारे ते पहिले भारतीय. त्या वर्षीचे विजेतेपदही त्रिनबागोनेच पटकावले.